अकराव्या पानावरचं वाक्य

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

बडोद्याच्या जुन्या शहरात आईबाबा आणि धाकट्या भावासोबत राहणारी २७ वर्षांची मुलगी. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे बारावीपर्यंत गुजराती माध्यम, आता पर्यावरणशास्त्रात पीएच.डी.चं तिसरं वर्ष. विषय विश्वामित्री नदीच्या पाण्याचा. नोव्हेंबर २०२३ ते एप्रिल २०२५ असे १८ महिने तिनं दर महिन्याला सहा ठिकाणचं पाणी घेऊन तपासलं. थंडीत बाबा सकाळी कामावर जाताना तिला चौथ्या ठिकाणी सोडायचे, कारण ते त्यांच्या वाटेवर पडतं; तिथून ती बाकीची ठिकाणं करायची. उन्हाळ्यात दहाच्या सुमारास भाऊ गाडीवरून न्यायचा आणि पहिल्यापासून क्रमानं सहाव्यापर्यंत सगळी ठिकाणं व्हायची. ऑगस्ट २०२४ मध्ये पुरामुळे पाणी घेताच आलं नाही. काम झालं, पेपर मात्र होत नाही. जुलैमध्ये तिनं २३ पानांचा ड्राफ्ट सरांना दिला. तीन आठवड्यांनी तो परत आला, वर लाल पेनानं लिहिलेलं: 'फोकस नाही. परत लिही.' त्यानंतर तिनं ती फाईल उघडलेलीच नाही. इंग्रजी कच्चं असल्यामुळे हे आपल्याला कधीच जमणार नाही, असं तिला वाटतं. ओळखीच्या एकानं 'पेपर लिहूनही देतो, छापूनही देतो' म्हणणाऱ्या माणसाचा नंबर दिला आहे. आई रोज विचारते, 'अजून किती?' ती विचारते: इंग्रजीचा क्लास लावू, या माणसाला फोन करू, की सोडून देऊ?

*

तुझं पत्र आणि सोबतचा ड्राफ्ट, दोन्ही वाचले. पत्रात तू मला ताई म्हटलं आहेस, तेव्हा मीही तुला तूच म्हणते. मी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि काही मुलांच्या पीएच.डी.ला शेवटपर्यंत सोबत केली, त्यामुळे असे ड्राफ्ट मला नवे नाहीत. तुझ्या ड्राफ्टसोबत पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी बसले.

पहिलं पान 'पाणी म्हणजे जीवन' अशा अर्थाच्या वाक्यानं सुरू होतं. मग पृथ्वीवर पाणी किती, भारतात नद्या किती, मग गंगा. विश्वामित्री उगवते ती चौथ्या पानावर, आणि पावागढहून निघते एवढं सांगून पुन्हा लुप्त होते. सातव्या पानावर सोळा रकान्यांचा तक्ता. आणि अकराव्या पानावर, तिसऱ्या तक्त्याच्या खाली, एक वाक्य आहे: चौथ्या ठिकाणी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन दोन्ही हिवाळ्यांत वर्षातला सगळ्यात कमी आढळला. पुढच्याच ओळीत तू पीएचकडे वळलीस. मी मात्र तिथेच थांबले.

तुला ठाऊक आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात साधारण ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना साधारण ७.६. म्हणजे थंडीत हा आकडा चढायला हवा. तुझ्या पाच ठिकाणी तो चढलाच आहे. चौथ्या ठिकाणी उतरला, आणि तोही लागोपाठ दोन हिवाळे. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी असतं, सांडपाणी त्यात पातळ होऊन जातं. थंडीत प्रवाह घटतो, सांडपाणी मात्र रोज तेवढंच येत राहतं, आणि त्यातली घाण कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन संपवतात. तसं होत असेल का? की आणखी काही? अगं, हा तुझा पेपर आहे! तो तुझ्याच ड्राफ्टमध्ये अकराव्या पानावर दबून बसला आहे.

आता सरांच्या शेऱ्याकडे बघ. 'फोकस नाही' हे त्यांनी खरंच लिहिलं. फक्त फोकस कुठे असू शकतो ते दाखवलं नाही, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलीला ते दाखवायला हवं होतं. तुझं दुखणं मला समजतं. पण तू त्या शेऱ्याचा अर्थ 'तुला इंग्रजी येत नाही' असा लावलास, तसं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

तुझ्या पहिल्या पानावर इंग्रजीची एकही चूक नाही, कारण ती सगळी वाक्यं तू शंभर ठिकाणी वाचलेली आहेत. त्या पानातून मला काही कळलं नाही. अकराव्या पानावरच्या त्या वाक्यात दोन चुका आहेत, आणि ते मला पहिल्या वाचनात पुरतं कळलं. तेव्हा क्लास लावण्याआधी थोडं थांब. इंग्रजीचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. इंग्रजी माध्यमातली मैत्रीण जे पान एका बैठकीत लिहिते त्याला तुला तीन बैठका लागतात, आणि त्यात न्याय काही नाही. पण त्या तीन बैठकांना उपाय आहे. व्याकरण तपासून घेता येतं, वाक्यं लहान करता येतात, मैत्रिणीला दाखवता येतं. आपल्याला नेमकं काय सांगायचं आहे हे ठरलेलं नसेल, तर जगातलं कुठलंही इंग्रजी उपयोगी पडत नाही.

आणि हे ठरवायला मराठी चांगली कामाला येते. आई बाजारातून आली की म्हणते, 'भेंडी महागली.' मग पिशवी ठेवता ठेवता म्हणते, 'पावसानं माल आला नसावा.' पहिलं तिनं डोळ्यांनी पाहिलंय, दुसरा तिचा अंदाज आहे, आणि दोन्हींची क्रियापदं ती कधी चुकून बदलत नाही. 'आढळला' आणि 'असावा', एवढाच फरक. 'आढळला' ते सगळं रिझल्ट्समध्ये, 'असावा' ते सगळं डिस्कशनमध्ये. तुझ्या ड्राफ्टमध्ये तक्त्याखालीच कारणं सुरू होतात आणि डिस्कशनमध्ये पुन्हा आकडे येतात, म्हणून वाचणारा गोंधळतो. सगळा ड्राफ्ट छापून घे, प्रत्येक वाक्याच्या समासात 'आ' किंवा 'अ' लिही. दोन्हींपैकी काहीच लिहिता येत नाही अशी वाक्यं निघतील, ती बहुतेक पहिल्या चार पानांत असतील. ती काढून टाक. मन घट्ट करून काढ.

दुसरं एक कर. आज रात्री आई पोळ्या करत असेल तेव्हा ओट्याशी उभी राहा, फोनवर रेकॉर्डिंग चालू कर आणि पाच मिनिटांत तिला चौथ्या ठिकाणची गोष्ट सांग. मराठीत, जमेल तशी. ती विचारेल, 'मग तिथं असं आहे तरी काय?' किंवा 'पण तू तिथं जायचीस कधी?' हे रिव्ह्यूअरचेच, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचेच प्रश्न आहेत. तू काय उत्तर देतेस ते नंतर ऐक आणि मग इंग्रजीत लिहायला घे. आई रोज 'अजून किती' विचारते ना, तिला एकदा आत घे. काय चाललंय ते कळत नाही म्हणून माणसं कधी संपणार ते विचारत राहतात.

आपली भाषा शास्त्राला पुरत नाही, असंही तू पत्रात सहज लिहून गेलीस. तू ज्या शहरात राहतेस तिथे १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीरावांच्या पाठबळावर कलाभवन काढलं आणि रंगकामापासून यंत्रकामापर्यंतचं शिक्षण मुलांना त्यांच्या भाषेत मिळावं यासाठी आग्रह धरला. दांडिया बाजारावरून जाताना त्या इमारतीकडे एकदा या नजरेनं बघ. पेपर इंग्रजीतच छापायचा आहे, त्याबद्दल वाद नाही. विचार कुठल्या भाषेत करायचा हे मात्र तुझ्या हातात आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे उत्तर एवढं लांबवावंसं वाटलं, तिच्याकडे येते. तू लिहितेस, 'काम संपलंय, आता फक्त लिहायचं राहिलंय.' या 'फक्त'वर माझा विश्वास नाही. काम संपलं की नाही हे लिहायला बसल्यावर कळतं. तुझा मेथड्सचा भाग घे, दीड पान आहे. ऑक्सिजन मोजायला तू विंकलर पद्धत वापरलीस. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, तपकिरी साका खाली बसू द्यायचा, लॅबमध्ये आम्ल घालून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं, आणि स्टार्चचा निळा रंग एका थेंबाला नाहीसा झाला की थांबायचं. ऑगस्टचा महिना सोडला तरी १७ महिने गुणिले सहा, म्हणजे कमीत कमी १०२ वेळा तू तो निळा रंग जाताना पाहिला आहेस. पण ड्राफ्टमध्ये एवढंच आहे की ऑक्सिजन 'प्रमाणित पद्धतीनं मोजला'. सांडपाण्याच्या नदीत नायट्राइट असतं आणि ते या पद्धतीत अडथळा आणतं, म्हणून अझाइड घालतात. तू घातलंस का? बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, ५ दिवस २० अंशांवर ठेवून काढलंस, की आपल्याकडे चालते तसं ३ दिवस २७ अंशांवर? दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. हे सगळं तुला माहीत आहे, फक्त 'एवढं काय लिहायचं' म्हणून गाळलंस.

आणि एक गोष्ट दीड पानांत कुठेच नाही: पाणी किती वाजता घेतलं.

नदीतलं शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उजेडात ऑक्सिजन सोडतात. रात्री तो सगळेच वापरतात, सोडत कुणी नाही. म्हणून नदीतला ऑक्सिजन साधारणपणे पहाटे सगळ्यात कमी असतो आणि दुपारी चढतो. घाण जास्त, शेवाळ जास्त, तिथे हा चढउतारही मोठा. आता तुझंच पत्र पुन्हा वाच. थंडीत बाबा तुला सकाळी आधी चौथ्या ठिकाणी सोडायचे. उन्हाळ्यात भाऊ दहाला निघायचा आणि चौथं ठिकाण येईतो दुपार व्हायची. म्हणजे थंडीतला चौथ्या ठिकाणचा आकडा कदाचित सकाळी सातचा आहे आणि उन्हाळ्यातला दुपारी बाराचा. बाकीच्या ठिकाणी थंडीत तू उशिरा पोचलीस, म्हणून तिथे आकडा चढलेला दिसत असेल. तुला जी थंडीची करामत वाटते, ती बाबांच्या ड्युटीच्या वेळेचीही असू शकेल.

हे वाचून धस्स झालं असेल. मलाही लिहिताना तुझी काळजी वाटली. पण तुझ्या नोंदवहीत वेळा असणार, कारण प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर तारीख आणि वेळ लिहिली असं तू पत्राच्या दुसऱ्या पानावर म्हटलं आहेस. त्या वेळा एका कागदावर उतरवून काढ. चौथ्या ठिकाणाची थंडीतली काही रीडिंग उशिराची निघाली आणि तीही कमीच असली, तर तुझं म्हणणं आणखी बळकट होईल. सगळीच सकाळची निघाली, तर दिवाळी आत्ताच झाली आहे आणि थंडी तोंडावर आहे. डिसेंबरात एक दिवस काढ. चौथं ठिकाण आणि त्याच्या वरच्या अंगाचं एक ठिकाण, दोन्हींकडे सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी पाणी घे. दोन माणसं लागतील, भावाला आणि एका मैत्रिणीला घे. नदीत मगरी आहेत हे मी तुला सांगायला नको, पण अंधारात काठावर एकटी उतरू नकोस एवढं सांगतेच. त्या एका दिवसाचा आलेख पेपरमधली सगळ्यात मोलाची आकृती ठरेल, मग निकाल कुठल्याही बाजूला जावो. आणि हा दिवस तू मे महिन्यात घेऊ शकली नसतीस. पेपर लवकर लिहायला घे, असं मी म्हणते ते एवढ्यासाठीच. छापून येण्याची घाई मला नाही. नदी पुन्हा हिवाळ्यात असतानाच कामातलं भोक दिसलं पाहिजे.

पुराचंही तसंच. तक्त्यात ऑगस्टच्या जागी तू नुसती रेघ मारली आहेस, जणू काही चोरी लपवली आहे. सरळ लिही: ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आल्यानं त्या महिन्याचे नमुने घेता आले नाहीत. एक वाक्य. रिव्ह्यूअर माणूसच असतो, त्याला पूर समजतो. न सांगितलेली रिकामी जागा मात्र त्याला खटकते.

लिहायची रीत शिकवा, असं तू म्हणतेस. माझी पद्धत मी शिंप्यांकडून उचलली. चांगल्या बेताचं ब्लाऊज उसवून बघतात, कुठे किती कापड दाबलंय, शिवण कुठून कुठे गेली आहे, आणि तसा बेत शिकतात. तुझ्या विषयातले तीन पेपर निवड, फार मोठ्या नावाचे नकोत, तुझ्यासारखंच एका नदीवर काम केलेले. प्रत्येकाचा ग्राफ आधी बघ, मजकूर झाकून. ग्राफवरून म्हणणं काय असेल ते एका ओळीत लिही आणि मग अ‍ॅबस्ट्रॅक्टशी, म्हणजे पेपरच्या सुरुवातीच्या सारांशाशी, ताडून बघ. प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एका कागदावर उतरव. इंट्रोडक्शन किती लांब आहे, 'हे अजून कुणी पाहिलेलं नाही' हे वाक्य कुठे येतं, ते शोध. बहुतेकदा इंट्रोडक्शन दीड पानाच्या आत असतं आणि ते वाक्य त्याच्या शेवटाकडे येतं. तुझी चार पानं किती जास्त होती ते आपोआप कळेल.

मग तुझा क्रम उलटा कर. आधी आकृत्या, चार किंवा पाच. सोळा रकान्यांच्या तक्त्याची काही गरज नाही, हवा तर तो पुरवणीत जोड. मग मेथड्स, कारण तिथे काही सुचावं लागत नाही, काय केलं ते आठवून लिहायचं असतं. कोऱ्या पानाची भीती घालवायला याच्यासारखं औषध नाही. मग रिझल्ट्स, मग डिस्कशन. इंट्रोडक्शन त्यानंतर, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट व शीर्षक सगळ्यात शेवटी. पेपर जाडजूड असला म्हणजे वजनदार, हाही एक समज आपल्याकडे आहे. रामन आणि कृष्णन यांनी नव्या प्रकारच्या प्रकाशविकिरणाची बातमी 'नेचर'मध्ये ३१ मार्च १९२८ च्या अंकात दिली ती एका छोट्या पत्रात.

सरांना २३ पानं पुन्हा देऊ नकोस. एक पान दे. वर एका वाक्यात तुझं म्हणणं, खाली त्याला आधार देणारा एक ग्राफ, आणि शेवटी तीन प्रश्न, ज्यांचं उत्तर त्यांना पाच मिनिटांत देता येईल: डिसेंबरच्या दिवसासाठी लॅबमधून बाटल्या मिळतील का, वरच्या अंगाचं कुठलं ठिकाण घेऊ, पेपर कुठल्या जर्नलला पाठवावा. भेटायची वेळ आधी मागून घे, अर्धा तास. तुझ्या सरांचा स्वभाव मला माहीत नाही, पण गाइडना लांब ड्राफ्टपेक्षा नेमका प्रश्न सोपा जातो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे. नावांचा क्रमही याच भेटीत विचारून ठेव. काम तू केलंस, लिहिणार तू आहेस, पहिलं नाव तुझं.

आता त्या फोन नंबरबद्दल. नाही. तो नंबर काढून टाक.

तू दमली आहेस, म्हणून तो मोह होतोय, मी तुला दोष देत नाही. पण तो माणूस काय विकतो ते नीट बघ. त्याला तुझ्या नदीचं काही माहीत नाही, तेव्हा तो एक तर दुसऱ्याचं उचलेल किंवा रीडिंग रचेल, आणि खाली सही तुझी असेल. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर छापून झाल्यावर मागे घेण्यात आले, त्यांतले पुष्कळसे अशाच कारखान्यांतून आलेले होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्रबंधातल्या उचलेगिरीला पायऱ्या आहेत: साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की प्रबंध दुरुस्त करून द्यावा लागतो, ४० च्या वर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. तुझी भीती ज्या गोष्टीची आहे, तो रस्ता नेमका तिथेच नेतो. आणि या सगळ्याच्या पलीकडे, १०२ बाटल्या तू भरल्यास गं. त्यांच्यावर बोलायचा हक्क दुसऱ्याला कशाला विकायचा?

चॅटबॉटचं पण विचारलं आहेस. तू स्वतः लिहिलेलं वाक्य त्याला देऊन 'व्याकरण नीट कर, अर्थ बदलू नकोस' म्हण, माझी हरकत नाही. जर्नल सांगत असेल तिथे ते वापरल्याचं कळव. पण त्याच्याकडून डिस्कशन लिहून घेऊ नकोस. तो अस्तित्वात नसलेले संदर्भ अगदी खऱ्यासारखे देतो, आणि 'आढळला' आणि 'असावा' यांची सरमिसळ तो तुझ्याहून जास्त करतो. प्रत्येक रेफरन्स स्वतः उघडून वाचल्याशिवाय यादीत घालायचा नाही. उघडायला पैसे लागतात ही अडचण आता बरीच कमी झाली आहे. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना सुमारे १३,००० जर्नलं मिळतात. तुझ्या ग्रंथालयात लॉगिन मागून घे. आणि शोधगंगा, हा देशभरातल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, तर आपल्या शेजारच्या गांधीनगरातूनच चालतो. तिथे इतर नद्यांवरचे प्रबंध वाच, पण रीत शिकायला. वाक्यं उचलायला नको.

नियमाचं एक: 'पेपर नाही तर पीएच.डी. नाही' असं सगळे म्हणतात म्हणून तू धरून चालली आहेस. यूजीसीनं नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशभराची सक्ती काढली. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, म्हणून तुझ्या रजिस्ट्रेशनच्या वर्षाला काय लागू आहे ते ऑफिसात लेखी विचार. सक्ती नसली तरी पेपर लिहावासच असं माझं मत आहे, पण मानेवर सुरी ठेवून लिहिणं वेगळं आणि मोकळेपणानं लिहिणं वेगळं.

जर्नल निवडायला सोपी खूण आहे. तुझ्या रेफरन्सच्या यादीत जी जर्नलं तीन-चारदा आली आहेत, ती तुझी. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता 'यादीत आहे' म्हणून डोळे मिटून पाठवता येत नाही. पंधरा दिवसांत छापू म्हणणारं, रोज मेल करणारं, आधी पैशाचं बोलणारं जर्नल सोड. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, असणं हा चांगुलपणाचा दाखला नाही, तो कुणालाही मिळतो.

आणि रिजेक्ट झाला तर? होईलही. आइनस्टाइननं १९३६ मध्ये गुरुत्वीय लहरींवरचा पेपर 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला. संपादकानं तो न विचारता दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवला म्हणून त्याला राग आला आणि त्यानं पेपर मागे घेतला. पण तज्ज्ञानं दाखवलेली चूक खरी होती. दुसरीकडे छापण्याआधी आइनस्टाइननं निष्कर्ष बदलला. माझा पहिला पेपर दोन पानी शेऱ्यांसह परत आला तेव्हा मी तो चार महिने कपाटात ठेवला होता. शेवटी एका मैत्रिणीनं शेरे मोठ्यानं वाचले. ऐकताना लक्षात आलं की त्यातले बहुतेक एकाच गोष्टीबद्दल होते, मी कोऱ्या नमुन्याचं (तुलनेसाठी तपासलेल्या, मोजायचा पदार्थ नसलेल्या नमुन्याचं) रीडिंग दिलं नव्हतं. ते माझ्या वहीत होतं. दुरुस्तीला तीन दिवस लागले. शेरे आले की एका तक्त्यात मांड, डावीकडे शेरा, उजवीकडे तू काय केलंस. पटला नाही तर का ते शांतपणे लिही. आणि शेरे एकटीनं वाचू नकोस.

असंच पत्र थोड्याफार फरकानं इंदूरहून येतं, ग्वाल्हेरहून येतं. कुणाचा विषय इतिहास असतो, कुणाचा यंत्रशास्त्र, पण 'आधी सगळं काम, मग लिहिणं' आणि 'माझं इंग्रजी' ही दोन वाक्यं बहुतेक सगळ्यांत असतात. त्या सगळ्यांना एक सुचवते. दुसऱ्या विभागातला एक जोडीदार शोधा, तुमचा विषय न समजणारा. शनिवारी सकाळी दोन तास ग्रंथालयात समोरासमोर बसा, दीड तास लिहा, अर्धा तास एकमेकांचं एक पान वाचा. न समजणाऱ्याला जिथे अडतं तिथे खूण करायची, बस. तू म्हणतेस घरी बसलं की कुणी ना कुणी हाक मारतं. म्हणून तर ग्रंथालय.

सोडून देऊ का, हा तुझा तिसरा प्रश्न होता. ज्या मुलीनं थंडीत सकाळी सातला विश्वामित्रीच्या काठावर बाटलीत बुडबुडा येऊ न देता पाणी भरलं, तिनं तो प्रश्न आत्ता विचारू नये. डिसेंबरचा दिवस होऊ दे, एक पान सरांना दे, मग वाटलं तर पुन्हा विचार, तेव्हाही मी उत्तर देईन.

आज मात्र ड्राफ्ट उघडू नकोस. नोंदवही उघड. चौथ्या ठिकाणच्या सगळ्या तारखा एका कागदावर खाली खाली लिही, समोर वेळ, त्याच्यासमोर ऑक्सिजन. फोटो काढून मला पाठव.